मी तुटलो नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. नागपुरात, हुडकेश्वरच्या एका घरात, माळ्यावर, कूलरच्या वाळ्याच्या जुन्या ताट्यांशेजारी गोणपाटात पडून आहे. मी विहिरीचा दोर नाही, गुरांचा नाही, कपडे वाळत घालायचा तर मुळीच नाही. डोंगरात माणसं ज्याच्या भरवशावर कडा उतरतात, त्या जातीचा मी. माझ्याबद्दल तुम्ही काही ऐकलं असेल, तर ते एवढंच असेल की मी तुटलो आणि एका बाईचा पाय मोडला. ते साफ खोटं आहे. म्हणून तर आज बोलायला बसलो आहे.

माझा जन्म कारखान्यातला. यंत्राने माझ्या पोटात पांढऱ्या लडी भरल्या आणि वरून निळी-केशरी वीण चढवली. दिसायला मी देखणा होतो, उगाच कशाला लपवू? मला आणलं ते गोपिकाताईने. ती शाळेत चित्रकला शिकवते आणि रविवार आला की डोंगराकडे पळते. आधी ती बिचारी इतवारीच्या बाजारात गेली होती. दोरांच्या दुकानदाराने तिला विचारलं, "ताई, म्हैस बांधाची आहे का झुला टांगाचा आहे?" ती म्हणाली, "माणसं बांधाची आहेत." दुकानदाराने हातातला दोर खाली ठेवला आणि तो तिच्याकडे बघतच राहिला. शेवटी तिने मला पुण्याहून मागवलं. ही गोष्ट ती प्रत्येक सहलीत सांगायची आणि प्रत्येक सहलीत मंडळी तितकीच हसायची.

या मंडळींचे मुखिया चंपतराव. सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, पण मूळचे शेतकरी. गावी अजून बैलजोडी आहे आणि सणावाराला ते स्वतः औत धरतात. गोपिकाताईला डोंगर चढायला त्यांनीच शिकवलं. ती त्यांना भाऊ म्हणायची आणि नुसतं तोंडाने म्हणायची नाही, सख्ख्या भावासारखं मानायची. माझ्यासाठी नियमही त्यांनीच घालून दिले होते. दोरावर पाय द्यायचा नाही. चुकून लागलाच, तर आधी दोराला नमस्कार करायचा आणि परत येताना सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालायचे. सुशील नावाचा एक धांदरट गडी होता, त्याच्या कृपेने मंडळींनी पुष्कळ पोहे खाल्ले. मला मात्र त्या नमस्काराचं फार अप्रूप वाटायचं. एवढा मान कोणत्या दोराला मिळतो?

आमचा सगळ्यात लाडका डोंगर म्हणजे नागपूरच्या उत्तरेची करवतधार. पहाटे निघायचं, पायथ्याच्या गावात गाडी लावायची, डाव्या सोंडेने वर चढायचं, मग हाता-पायांनी खडक धरत धारेवरून चालायचं आणि उजव्या सोंडेने उतरून दिवस मावळायच्या आत परत गावातल्या तळ्यावर. फार अवघड नाही, पण गंमतही नाही. धारेच्या मधोमध एक खाच आहे. तिथे सरळ कातळ उतरून जावं लागतं. कातळाच्या माथ्यावर धावड्याचं एक जुनं झाड आहे. त्याला मला बांधायचं आणि माझ्या आधाराने एकेकाने उतरायचं. बांधायचं काम गोपिकाताईचं. ती गाठ मारायची, दुसऱ्या कोणाला ओढून बघायला लावायची आणि मगच माणूस सोडायची. घरी आल्यावर ती मला पाण्यातून काढून सावलीत वाळवायची आणि वीतभर-वीतभर चाचपून बघायची. सांगा बरं, इतकी काळजी घेतल्यावर मी कशाला तुटेन?

मागच्या हिवाळ्यात कामिनीताई पहिल्यांदाच आली. त्या दिवशी चंपतराव, गोपिकाताई, सुशील आणि ती, एवढे चौघंच होते. बँकेत नोकरी, डोंगराची हौस, पण जरा घाबरट. धारेवर चढताच सुशीलच्या बुटाचा तळवा निघून लोंबायला लागला. गोपिकाताई तो बांधून द्यायला मागे थांबली. चंपतरावांना मागे थांबणं कधी जमलंच नाही.

"तू सुशीलकडं पाह्य, आम्ही समोर जातो," ते म्हणाले.

"भाऊ, मी आल्याबिगर कोनाले उतरू देऊ नका."

"अवं, दोर बांधाले आता तू मले शिकवशीन का?"

ती हसली. मीही मनातल्या मनात हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

धावड्यापाशी चंपतरावांनी मला पिशवीतून काढलं. बोलणं कामिनीताईशी चाललं होतं आणि हात आपल्या मनाने गाठ मारत होते. लहानपणापासून हातांना जी गाठ माहीत, तीच त्यांनी मारली. खुंट्याला बैल बांधायची गाठ! बैलाने कितीही ओढलं तरी ती घट्ट राहते. पण तिचं मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. गोठ्यात साप निघाला किंवा आग लागली, तर जनावर पटकन मोकळं करता यावं म्हणून ती तशी असते. गोठ्यात ती गाठ फार शहाणी. कातळावर तिच्यासारखी घातकी दुसरी नाही. आणि ते मोकळं टोक माझ्याच शेजारी अर्ध्या कातळापर्यंत लोंबत होतं.

"भाऊ, पक्कं आहे नं?" कामिनीताईने विचारलं.

"बिनधास्त उतर वं. याले बैल तोडू शकत नाही, तू काय तोडशीन!"

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण दोराला कुठलं तोंड! ती अर्ध्यात पोचली, तिचा पाय घसरला आणि आधाराला तिने दुसऱ्या हाताने ते मोकळं टोक गच्च धरलं. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. गाठ सुटली. ती कातळावरून घसरत खाली गेली आणि तिच्या मागोमाग मी, अख्खाच्या अख्खा, तिच्या अंगावर जाऊन पडलो.

चंपतराव बाजूच्या घळीतून धावत खाली आले. घाबरले होते, पण सुरुवातीला त्यांनी सगळं नीट केलं. काठी शोधली, चाकू काढला, माझा एक तुकडा कापला आणि कामिनीताईचा मोडलेला पाय त्या काठीला बांधला. मला दुखलं नाही. उलट वाटलं, चला, पडल्यावर का होईना, तिच्या कामी आलो.

तेवढ्यात वरून गोपिकाताईची हाक आली. "भाऊ! काय झालं?"

चंपतरावांनी वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"दोर तुटला वं!" ते ओरडले.

मित्रांनो, इथपर्यंत मी त्यांना माफ केलं असतं. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून काहीही निघतं. पण गोपिकाताई घळीतून खाली यायच्या आत त्यांनी एक दगड उचलला. चाकूने कापलेलं माझं टोक सरळ, स्वच्छ होतं ना? ते त्यांनी कातळावर धरलं आणि ठेचलं, सूत न् सूत विस्कटेपर्यंत ठेचलं. कामिनीताई डोळे मिटून कण्हत होती. ज्या हातांनी मला नमस्कार करायचा नियम घातला, तेच हे हात! तळमळ तळमळ झाली जिवाची. गोपिकाताई आली, तिने ते टोक हातात घेतलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"वरचा तुकडा झाडाचा सोडून आणला अन् पायाले बांधला," चंपतरावांनी सांगितलं. तिने मान हलवली. भाऊंवर संशय घेणं तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

गावकऱ्यांनी कामिनीताईला खाटेवर घालून खाली नेलं. पुढच्या रविवारी चंपतरावांच्या धरमपेठेतल्या घरी सगळे जमले. कामिनीताईच्या आईने सर्वांसमोर विचारलं, "दोर कोनाच्या घरी राहते?" गोपिकाताई उठून उभी राहिली. "माझ्या घरी. माझंच चुकलं, काकू. दोर कच्चा झाला, हे मले ओळखता यायले पाहिजे होतं." तेव्हा चंपतराव काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "लेकरू आहे, लक्ष राहिलं नसन. माफ करा तिले." वरून मोठेपणा! सगळ्यांना ते किती मोठ्या मनाचे वाटले. मी पिशवीत पडल्या पडल्या ऐकत होतो आणि लाजेने नव्हे, रागाने जळत होतो.

त्या दिवसापासून गोपिकाताई डोंगरावर गेली नाही. कोणी बोलावलंही नाही. घरी तिने मला पुन्हा पुन्हा चाचपलं, माझा कच्चेपणा शोधला. तो असता तर सापडला असता! शेवटी तिने मला गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलं. फेकून मात्र दिलं नाही.

उन्हाळ्यात कामिनीताई काठी टेकत तिच्या घरी आली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "गोपिका, एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाऊनच नाही राहिली. दोर तुटला असता तं अर्धा झाडाले राहिला असता नं? माझ्या अंगावर तं सगळाच येऊन पडला."

"वरचा तुकडा भाऊनं सोडून आणला, पायाले बांधाले."

"कोनता वरचा? तो तं त्यायनं माझ्यासमोर चाकूनं कापला वं. तेव्हा दुखण्यात काही सुचलं नाही. अन् भाऊ म्हणते तं तसंच असन, असं वाटलं."

गोपिकाताईने स्टूल घेतलं आणि मला खाली काढलं.

दुसऱ्या दिवशी तिने चंपतरावांना घरी बोलावलं. चहा दिला, मला टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "भाऊ, गाठ कोनती मारली होती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "इतके वर्षं लोकायले शिकवलं मी. खरं सांगितलं असतं तं मले तोंड दाखवाले जागा राहिली नसती वं."

"अन् माझं तोंड, भाऊ?"

चहा तसाच ठेवून ते निघून गेले.

कामिनीताईने सगळ्यांना फोन करून खरं काय ते सांगितलं. काहींनी गोपिकाताईची माफी मागितली. बरेच जण म्हणाले, "जाऊ द्या, मोठा मानूस आहे, झालं ते झालं." चंपतराव नवा दोर घेऊन करवतधारेवर जाऊनही आले. गोपिकाताईला आता नव्या मंडळींची बोलावणी येतात, पण ती नाही म्हणते. तिला कडा उतरायची भीती वाटत नाही. "वर कोन उभं आहे, ते मले आता समजत नाही," असं ती परवा कामिनीताईला म्हणाली.

म्हणून मित्रांनो, माझं एक मागणं ऐका. वस्तू सावलीत वाळवा, पुसून ठेवा, पाय लागला तर नमस्कार करा, हे सगळं चांगलंच आहे. जुनी झाली तर खुशाल टाकूनही द्या. पण तुमच्या हातून काही चुकलं तर तेवढं बोलून टाका. माझं टोक ठेचलं गेलं, ते कापता येईल. गोपिकाताईच्या मनाचं काय करायचं, ते मला माहीत नाही.