प्रेमराजनानांच्या शेजारची खुर्ची

झुलालभाऊंच्या पोटात जे दुखायला लागलं ना, त्याला कारण एक फोन. आणि तो फोन त्यांना आलेला नव्हता, हेच तर दुखणं!

एक जूनला दोंडाईच्यातच राहणाऱ्या साडूकडे, म्हणजे अभिमनकडे, सगळे वरण-बट्टी खायला बसले होते. अभिमनचं खातं धुळ्याच्या मोठ्या बँकेत. पहिला घास मोडतो न मोडतो तोच त्याचा फोन वाजला. पठ्ठ्याने मुद्दाम स्पीकर लावला. "हॅपी बर्थडे, अभिमन सर! आपल्या बँकेतर्फे हार्दिक शुभेच्छा!" बाईचा आवाज असा गोड की बट्टीवर तूप नको. पंगत खूश झाली. अभिमनने घाईघाईने फोन बंद केला आणि मिशीवर हात फिरवला.

आता एक जून हा काय वाढदिवस झाला? शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या वर्गाला तीच तारीख चिकटवली होती. झुलालभाऊंचीही तीच. कागदावर दोघं एकाच दिवशी जन्मले, आणि शुभेच्छा मात्र एकालाच! भाऊंनी पुढचा घास ताटातच ठेवला.

"तठे बठ्ठं थंडगार शे," अभिमन हात धुताना आपल्या बँकेतल्या एसीचं कौतुक करत म्हणाला. "तुमनी बँकमा पंखा तरी फिरस का, साडूभाऊ?"

भाऊंची बँक गावातलीच, दोन खोल्यांची. पंखा फिरायचा, पण कुरकुरत. तरी तिथे भाऊंचा थाट काय सांगावा! दाराशी चपला काढल्या की मॅनेजर प्रेमराजनाना आतूनच हाक मारायचे, "या झुलालभाऊ!" नानांच्या टेबलाशेजारी एक वेताची खुर्ची होती, ती भाऊंचीच. बशीत चहा यायचा, नातवाच्या परीक्षेची चौकशी व्हायची, तोवर शिपाई कौतिक काउंटरवरचं काम उरकून आणायचा. लेकीच्या लग्नात भाऊंनी पहिली टॉवेल-टोपी नानांना दिली होती, व्याह्यांच्याही आधी. त्यावरून व्याही फुगले होते तो भाग वेगळा.

पण मत्सर एकदा डोक्यात शिरला की माणसाला असलेलं दिसत नाही. आपण गावठीच राहिलो, आपल्याला 'सर' म्हणणारं कोणी नाही, हेच भाऊंच्या मनात घोळत राहिलं. थोड्याच दिवसांत त्यांनी खातं बंद केलं.

"आमचं काही चुकलं का?" नानांनी एवढंच विचारलं.

"छे छे, मुलांचा आग्रह!" भाऊ म्हणाले. मुलांना तर पत्ताही नव्हता.

धुळ्याच्या बँकेत पहिल्याच दिवशी फजिती झाली. भाऊंनी सवयीने दाराबाहेर चपला काढल्या, थेट मॅनेजरच्या काचेच्या केबिनमध्ये शिरले आणि खुर्ची ओढून टेबलाशेजारी बसले. मॅनेजर दचकून उभाच राहिला. वॉचमनने भाऊंना बाहेर आणलं आणि हातात टोकन दिलं. "काका, नंबर आल्यावर." काम चोख झालं, उगाच खोटं कशाला बोला. पण भाऊ आले काय आणि गेले काय, कुणाला काही फरक पडला नाही. अभिमनला मात्र त्यांनी ठोकून दिलं, "झकास बँक शे!" आणि पुढच्या एक जूनची वाट बघत बसले.

फोन आला. "हॅपी बर्थडे, झुलाल सर!"

भाऊ मोहरून गेले. "थँक्यू मॅडम! दोंडाईच्याला आलात तर जेवायलाच या..."

"आमच्या नव्या विमा योजनेसाठी एक दाबा."

"अहो मॅडम, ऐका तर!"

"हिंदीसाठी दोन दाबा."

अरे देवा! बाई नव्हतीच, रेकॉर्ड होती! अभिमनने गेल्या वर्षी घाईघाईने फोन का बंद केला, ते आत्ता उमगलं. भाऊ तणतणत साडूच्या घरी गेले. आज त्याला सगळ्यांसमोर उघडा पाडायचा!

"ते बँकेत गेलेत, भाऊजी," मेहुणी म्हणाली. "आपल्या प्रेमराजनानांच्या."

भाऊ तसेच तिकडे वळले. दाराशी चपला काढल्या. आतून हाक आली नाही. वेताच्या खुर्चीत अभिमन ऐसपैस बसला होता आणि बशीत चहा ओतत होता.

"तुम्ही? इथे?"

"खातं कधीच इकडे आणलं. खरं सांगू, साडूभाऊ?" अभिमन फुर्रकन चहा ओढत म्हणाला. "तुमची ही खुर्ची मला फार सलायची. लग्नात नाना तुमच्या खांद्यावर हात टाकून फिरत होते ना, तेव्हापासून. तुम्ही उठलात, मी लगेच बसलो."

भाऊंच्या अंगाची लाही लाही झाली. ऊठ, ती माझी जागा आहे, असं ओरडावंसं वाटलं. पण कोणत्या तोंडाने ओरडणार?

तेवढ्यात नानांचं लक्ष गेलं. ते उठून उभे राहिले, हात जोडले आणि अगदी अदबीने म्हणाले, "या सर, या. कौतिक, सरांना बाकावर जागा कर."

ज्या शब्दासाठी एवढा जीव टाकला तो नानांच्या तोंडून ऐकला, आणि भाऊंना रडू फुटायचंच तेवढं बाकी राहिलं.