साहेबांनी जिना उतरावा

सरकारी हापिसातलं काम नेमकं वरच्या मजल्यावर निघतं, हे तुमी आमी सगळ्यांनीच भोगलंय. आपण शिव्या देत का होईना, चढून जातो. ज्याचे पाय चालत न्हायत त्यानं काय करावं?

अंथुर्ण्याच्या म्हस्कूआबाची पोर प्रतिक्षा इंदापुरात एका हापिसाच्या जिन्याखाली चाकाच्या खुर्चीत बसली होती. ल्हानपणी ट्रॅक्टरवरनं पडली तवापासनं तिचे पाय गेलेले. सरकारकडनं बॅटरीवरची तीनचाकी मंजूर झालेली. ती मिळाली तर जंक्शन गावाला शिलाईच्या कामावर पोर रोज एकटी जाणार होती. फकस्त आज साहेबांपुढं समक्ष हजर व्हायचं, न्हायतर नाव कटून गाडी दुसऱ्याला.

अन् साहेब वरच्या हॉलात. सगळा स्टाफच वर.

"प्रशिक्षण चालू हाय, आबा," दादासो शिपाई म्हणला.

"कसलं?"

"दिव्यांगांशी कसं वागायचं त्याचं."

म्हस्कूआबाच्या डोक्यात तिडीक गेली. "मग हिच्याशी वागा की. साहेबांना म्हणावं, खाली या."

दादासो वर जाऊन आला. "साहेब म्हणत्यात, समक्ष म्हंजी टेबलापुढं. उचलून आणा, माणसं देतो."

आबाला माणसं नको होती. त्याच्या मेंढपाळ बापजाद्यांनी थकलेलं कोकरू खांद्यावर टाकून मुलूख पालथा घातलेला. पोरीलाही तो तसाच नेत आला होता, शाळंत, जत्रंत, दवाखान्यात. त्यानं धोतराचा सोगा खोचला, पोरीला पाठीवर घेतलं अन् चढाय लागला. जिना वळला तितं हॉलाचं दार दिसलं. आतली माणसं उठून बघाय लागली. कुणीतरी मोबाईल काढून शूटिंग चालू केलं.

"बघा, ह्याला म्हणतात बापाची माया," साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या.

"आबा, खाली ठेव मला," प्रतिक्षा कानाशी बोलली.

"आता आलंच की वर."

"हितंच ठेव."

त्यानं तिला पायरीवर टेकवलं. पोरीचं तोंड लालबुंद झालेलं.

"साहेब, टाळ्या कशाच्या? घोड्याएवढी झाले मी, अन् बापाच्या पाठीवर लोंबकळत येते. त्याची लाज मला वाटावी का तुमाला? समक्ष यायचं, एवढाच नियम हाय ना? मग साहेबांनी खाली उतरू नये असं कुठल्या नियमात हाय? तुमचे पाय तर धड हायत."

"अगं बाळ, आम्हाला सहानुभूती आहे..."

"ती ऱ्हाऊ द्या. मला गाडी पायजे."

"पोरी, साहेब हायत ते," म्हस्कूआबा मधी पडला.

"तुझा बी राग येतो, आबा. उचलू का, म्हणून कधी इचारलंस मला?"

 साहेबाला ऐकवलं ते आबाला गोड लागलं होतं. हे मातर बरगडीत जाऊन बसलं.

शिकवायला आलेल्या अश्लेषाबाईंनी पडद्यावरची चित्रं बंद केली. "हॉल वरचा आहे, हे मलाही खटकलं नाही," त्या म्हणाल्या. "मी काय शिकवणार होते तुम्हाला?"

साहेब हॉलाबाहेर आले. मग मोबाईलवाल्याला म्हणाले, "ते पुसून टाक." अन् पायऱ्या उतरून प्रतिक्षापाशी थांबले. "चुकलं आमचं. खाली कशी येणार आहेस तू?"

"आबाच्या पाठीवर. पण आता मी सांगते म्हणून."

जिन्याखाली टेबल आलं. साहेबांनी तितंच तिची हजेरी घेतली, गाडी पक्की झाली. उरलेलं प्रशिक्षण बी तितंच झालं, शिकवलं मातर प्रतिक्षानं. तवापासनं ज्याला चढता येत न्हाय त्याचं काम त्या हापिसात खालीच हुतंय.

राग ह्याचा येतो मंडळी, की जिना उतरायला काय निधी लागत न्हाय. ज्याचे पाय चालत्यात त्यानं उतरावं, अन् माया करायच्या आधी माणसाला इचारावं. एवढं आपल्याला कुणी हॉलात बसवून शिकवायची पाळी का यावी?

परतीला वडापच्या, शिटा भरून न्हेणाऱ्या जीपवाल्यानं हाक मारली, "म्हातारबा, पोरीला उचलून मागं बसवू का?"

"मला काय इचारतो रं?" म्हस्कूआबा खेकसला. "बसायचं तिला हाय. तिला इचार."