कुत्र्याचं झबलं

"चिंधी इथेच द्या, आपा, आणि उंबऱ्यावरूनच परत फिरा. सून निजलीय," शायिर अर्धवट उघडलेल्या दारातून म्हणाली.

छत्तीस वर्षं गावात नर्स म्हणून दारोदार हिंडलेली जुराकान उंबऱ्यावरून कसली परत फिरतेय? "चिंधी बाळंतिणीच्याच हातात द्यायची असते. रीत आहे ना?" असं म्हणत ती आत शिरलीसुद्धा.

किर्गिझांची रीत जुनीच. बाळाचं पहिलं झबलं चाळीस म्हाताऱ्यांच्या कपड्यांच्या चिंध्यांचं करायचं, चाळिसाव्या दिवशी उतरवून कुत्र्याच्या गळ्यात बांधायचं. म्हणून ते कुत्र्याचं झबलं. पण पूर्वी चिंध्या एका दुपारीच गोळा व्हायच्या. रोज एकीनेच यायचं, झबलं चिंधी-चिंधीने वाढवायचं, चिंधी देता देता ताप आहे का, डोकं दुखतंय का, अंगावरून किती जातंय हे विचारायचं, ही भर जुराकानची. ती तिची आहे हे गाव केव्हाच विसरलं होतं.

ती मात्र तुर्सुनायला विसरली नव्हती. नोकरीचं पहिलं वर्ष, अंगात कोरा पांढरा झगा, हातात बाळंतिणीच्या धोक्याच्या खुणांचा सरकारी तक्ता. बाळंतीण तुर्सुनायच्या उशाशी उभं राहून तिने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. तुर्सुनाय भिंतीकडे तोंड करून पडली होती. लाजत असेल, असं जुराकानला वाटलं. कपाळाला हात लावायचं काही तिला सुचलं नाही. नवव्या दिवशी तुर्सुनाय तापाने गेली, आणि तक्त्यावरची पहिलीच ओळ तापाची होती. आजही आठवलं की जुराकानला स्वतःची लाज वाटते.

तक्ता तिने तेव्हाच चुलीत घातला. नंतरची वर्षं मात्र किती छान गेली. घोड्यावरून घरोघर जायचं, साय घातलेला चहा प्यायचा, बाळंतिणींशी गप्पा ठोकायच्या. प्रत्येक बाळाला ती त्या पहिल्याच झग्याची दोन बोटं चिंधी द्यायची. "आपा, झग्याची आता बंडी झाली," बायका चिडवायच्या. कुठे गेल्या त्या सगळ्या?

आत शायिरची सून मीरिम तशीच भिंतीकडे तोंड करून पडली होती. कुशीत बाळ होतं. जुराकानने आधी तिच्या कपाळाला हात लावला. चटकाच बसला.

"कधीपासून गं?"

"काल दुपारपासून. थंडी वाजते. जातंय त्याला घाण वासही येतोय."

"चुलीची ऊब आहे ती," शायिर मधेच म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "आज सातवा दिवस, आपा. तुम्ही तिला दवाखान्यात न्यायला सांगाल. चाळिशीच्या आत उंबरा ओलांडला की अल्बार्स्ती हडळ धरते बाळंतिणीला. माझ्या जावेचा जीव घेतलान तिने."

पूर्वीची जुराकान भांडली असती. आता ती म्हणाली, "मग अल्बार्स्तीसाठी उशाखाली ठेवलीस ती सुरी घे, भाकरी घे, गाडीत तिच्या मांडीवर ठेव. बाळाला घेऊन तू शेजारी बस. तुझ्यासारखी सासू शेजारी असताना कुठली अल्बार्स्ती जवळ येते ते बघू. पण आत्ता निघायचं. उद्यावर टाकलंस तर सून हातची जाईल."

शायिरने सुनेच्या कपाळाला हात लावला.

"तुमच्या तोंडाला कोण लागणार, आपा," असं पुटपुटत ती सुरी काढायला वाकली आणि मुलाला गाडी काढायला हाक मारली.

मीरिम बारा दिवसांनी घरी आली. तोवर चिंध्या येतच होत्या.

चाळिसाव्या दिवशी झबल्यात खाऊ बांधून ते कुत्र्याच्या गळ्यात अडकवलं. पोरं आरडाओरडा करत मागे धावली. मीरिम बाळाला घेऊन दारात उभी होती, अजून फिकटच.

"रोज एक चिंधी, रोज एक बाई," शायिर पाहुण्यांना ऐटीत सांगत होती. "आमच्या पणजीपासूनची रीत. तिच्यामुळेच सून वाचली. हो ना, आपा?"

"हो तर," जुराकान म्हणाली. "जुन्या बायका शहाण्याच."

जुराकानच्या घरी पेटीत आता त्या झग्याची नुसती कॉलर उरली होती. कुत्रं तुर्सुनायच्या बंद घरावरून पळत गेलं. त्याच्या गळ्यातली जुराकानची पांढरी चिंधी वळणापर्यंत दिसत होती.