सव्वीसशे हॉर्सचं इंजिन

मी इंजिन बोलतोय. व्याकरणाच्या पुस्तकात इंजिन नपुंसकलिंगी आहे, हे मला ठाऊक आहे. पण सव्वीसशे हॉर्सपॉवरच्या माणसाने 'बोलतंय' म्हणावं, हे मला तरी शोभत नाही. हो, सव्वीसशे. बोदवड तालुक्यात कोणालाही विचारा. माझी लांबी तेवढी विचारू नका, कारण मी तळहातावर मावतो.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या मुलींनी आयुष्यात भुसावळ पाहिलं नव्हतं, तरी त्यांनी मला थेट भारतीय रेल्वेच्या डिझेल इंजिनासारखं रंगवलं. खिडक्या, दिवे, पायऱ्या, सगळं हुबेहूब. ड्रायव्हर मात्र बसवला नाही. तो बहुधा वेगळा विकत घ्यावा लागतो.

धुळ्यातल्या एका डॉक्टरांनी मला हौसेने आणलं आणि त्याहून जास्त हौसेने काचेच्या कपाटात बंद केलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत, "ओरिजिनल आहे बरं का, हात लावू नका." कोणी हात लावला नाही. डॉक्टरांनीही नाही. रुळावर धावण्यासाठी जन्मलेला मी, सात-आठ वर्षं एका शंखाच्या आणि एका ताजमहालाच्या मधे उभा होतो. ताजमहालाला त्याचं काही वाटत नव्हतं. त्याला कुठे जायचं होतं?

मग घरात भिंतीएवढा टीव्ही आला, कपाट गेलं आणि कपाटाबरोबर मी चुडामणभाऊंच्या दुकानात गेलो. चुडामणभाऊ धुळ्यात जुन्या सामानाचा व्यापार करतात. त्यांनी मला उलटं करून पाहिलं, फुंकर मारली आणि माझा फोटो मोबाईलवर टाकला. खाली लिहिलं, 'इंजिन विकणे आहे. चालू स्थितीत.' एवढंच. खेळण्यातलं, शोभेचं, लहान, असा एकही शब्द नाही. पुढचं सगळं रामायण त्या कंजूष जाहिरातीमुळे घडलं.

आता योगराजबद्दल सांगतो. हा पंचेचाळिशीचा गृहस्थ जळगावात पाइपांच्या दुकानात नोकरीला. दुपारी डबा खाता खाता मोबाईलवर छोट्या आगगाड्या बघायच्या, हा त्याचा छंद. परदेशातले लोक तळघरात डोंगर, बोगदे, अख्खी गावं उभी करून त्यातून गाड्या पळवतात. योगराजला डोंगर नको होता. एक इंजिन हवं होतं. पण नव्या इंजिनाची किंमत पाहिली की तो मोबाईल उलटा ठेवायचा आणि मुकाट्याने भाजी-पोळी खायचा.

बायको भाविका म्हणायची, "मिक्सरचं भांडं वर्षभर गळतंय. त्याचं इंजिन बघा आधी."

योगराजने मिक्सर बघितला नाही. पैसे साठवायला दोन दिवाळ्यांना स्वतःला शर्टही घेतला नाही. त्याग म्हणतात तो हाच.

एका रविवारी तो बोदवडजवळच्या आपल्या खेड्यात आला असताना त्याला माझा फोटो दिसला. तिथेच अंगणात उभं राहून त्याने चुडामणभाऊंना फोन लावला. खेड्यात फोनवर बोलायचं म्हणजे समोरच्याला फोनशिवायही ऐकू जायला पाहिजे.

"इंजिन चालू आहे ना? जाम तर नाही? चाकं फिरतात? भाव कमी करा, मी पुढच्या रविवारी येतो!"

ओट्यावर त्याचे वडील शालिग्राम आबा बसले होते. त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला.

इथे वाचकहो, एक गोष्ट ध्यानात घ्या. खानदेशात केळीच्या शेतकऱ्यासमोर 'इंजिन' हा शब्द उच्चारला तर त्याच्या डोळ्यांसमोर आगगाडी येत नाही. विहिरीतून पाणी उपसणारं डिझेलचं इंजिन येतं. मे महिना होता, केळी माना टाकत होती, मोटार होती पण लाइट नव्हती, आणि लाइट होती तेव्हा पाणी करंगळीएवढंच पडत होतं. आणि ज्या पोराने वीस वर्षांत शेतात पाय ठेवला तो फक्त हुरडा खायला, ते पोरगं आज आपण होऊन इंजिन घेतंय!

आबांनी योगराजला एक शब्द विचारला नाही. विचारलं तर पोराचा उत्साह जाईल. त्यांनी फक्त गावाला सांगितलं. अख्ख्या. मग गवंडी बोलावून विहिरीच्या काठाला इंजिनासाठी सिमेंटचा ओटा बांधून घेतला आणि त्यात चार बोल्ट गाडले. हे सगळं मला नंतर कळलं. ते बोल्ट मी पुढे जवळून पाहिले. एकेक माझ्याएवढा होता.

रविवारी योगराज धुळ्याला आला. चुडामणभाऊंनी मला टेबलावर वीतभर रुळावर चालवून दाखवलं. मी चाललो. योगराजचा चेहरा असा झाला की चुडामणभाऊंनी तिथल्या तिथे भाव वाढवला.

"मघाशी कमी सांगितला होता!" योगराज म्हणाला.

"भाऊ, मघाशी तुम्ही त्याले चालताना कोठे देखेल व्हतं? खोकं जुनं शे, इंजिन नवं शे. लई जा."

घासाघीस झाली. योगराजने खिशाला जेवढं झेपेल तेवढंच घेतलं. वळणाचे रूळ महाग, म्हणून नुसते सरळ घेतले. वेग कमी-जास्त करायचा रेग्युलेटर 'पुढच्या महिन्यात' ठेवला. भिंतीत खुपसायचा एक जुना प्लग चुडामणभाऊंनी मोठ्या मनाने फुकट दिला. अशा रीतीने माझा नवा मालक वळण आणि लगाम दोन्ही दुकानात सोडून निघाला. माझं मूळ खोकं उंदरांनी खाल्लं होतं, म्हणून मला पेढ्यांच्या खोक्यात घातलं.

धुळे ते चाळीसगाव, चाळीसगाव ते जळगाव. मी स्वतः इंजिन असून दुसऱ्या इंजिनाच्या मागे, एका माणसाच्या मांडीवर, पेढ्यांच्या वासात बसून प्रवास केला. अपमानाची सवय तेव्हापासूनची.

पाचोऱ्याजवळ फोन वाजला. आबा होते.

"घेतलं का रे इंजिन?"

योगराज गांगरला. आबांनी त्याच्या छंदाबद्दल कधी चौकशी केली नव्हती. केली तर 'पोरखेळ' म्हणून.

"घेतलं, आबा!"

"चालवून पाह्यलं ना?"

"पाहिलं. आवाज एकदम कमी."

"किती हॉर्सचं हाये?"

योगराजला भरूनच आलं. आबांना एवढी बारीक माहिती हवी होती! त्याने माझ्या मोठ्या भावंडाची, खऱ्या इंजिनाची ताकद सांगितली. "सव्वीसशे, आबा."

गावात सगळ्यात मोठं इंजिन दहा हॉर्सचं होतं.

"सव्वीसशे?"

"खऱ्याचं तेवढंच असतं ना."

"बरं, बरं. जळगावले उतरू नको. डायरेक गावाले आन. तुही माय पूजा करनार हाये. मी ठेसनावर येतो."

फोन ठेवल्यावर योगराज खिडकीबाहेर बघत बसला आणि उन्हाचं निमित्त करून डोळे पुसले. बापाला एकदाचं आपलं मन कळलं, असं त्याला वाटत होतं. तिकडे बोदवडला बापालाही नेमकं तेच वाटत होतं. मी पेढ्यांच्या खोक्यात दोघांच्या मधे होतो. मला त्यांच्याशी बोलता येत असतं तर... पण नको. इतकी छान करमणूक कोण बंद पाडेल?

बोदवड स्टेशनवर आबा उभे होते. बरोबर गावातली सहा धट्टीकट्टी माणसं, जाड दोर, दोन लाकडी बल्ल्या आणि बाहेर ट्रॅक्टरची ट्रॉली. पाण्याच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देणारे कय्युमभाई खास पाहणीसाठी आले होते. योगराजची आई सुगंधाबाई पूजेचं ताट आणि नारळ घेऊन उभी.

गाडी थांबली, योगराज उतरला. आबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते थेट गाडीच्या शेवटच्या, सामानाच्या डब्याकडे पळत सुटले. मागून दोर घेतलेली माणसं.

"आबा, कुठे पळताय? इथे आहे ना!" योगराजने खोकं वर धरलं.

"पेढे मंग वाटू रे! पहिले इंजिन उतरव! गाडी चालली जाईन!"

गाडी गेलीच. सामानाच्या डब्यातून काहीही न उतरता गेली. आबा धापा टाकत परत आले. योगराजने खोकं उघडलं आणि मला तळहातावर घेतलं.

प्लॅटफॉर्मवरचे सगळे माझ्याकडे असे बघू लागले की मला माझ्याच चाकांची लाज वाटली.

कय्युमभाई वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "आबा, ये तो जेब में आता. ट्रॅक्टर कायकू लाये?"

दोर घेतलेली माणसं हसू लागली. कोणीतरी म्हणालं, "सव्वीसशे हॉर्स! मुंग्याचे हॉर्स असतीन!" आबांचा चेहरा पडला. मी अनेक चेहरे काचेतून पाहिले आहेत, पण इतका उघडा पडलेला चेहरा पाहिला नव्हता. तेव्हा योगराजला दोर दिसला, बल्ल्या दिसल्या, आणि सगळं कळलं.

"आबा, मला वाटलं तुम्हाला..."

"मले वाटलं तुले..."

दोघांनीही वाक्य पूर्ण केलं नाही. खानदेशात बाप-लेक वाक्यं पूर्ण करत नाहीत. ते काम घरातल्या बाईकडे असतं.

"मंग काय आता नारळ वापस नेऊ का?" सुगंधाबाई म्हणाली. तिने माझ्या कपाळाला, म्हणजे पुढच्या दिव्याला, बचकभर कुंकू फासलं आणि नारळ आबांच्या हातात दिला. "फोडा. सगये पाहू राह्यले."

आबांनी नारळ फोडला. आता गावासमोर एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे काहीच बिघडलं नाही असं वागणं. आबांनी मला ट्रॉलीच्या मधोमध ठेवायला लावलं. ट्रॅक्टर निघाला. रिकाम्या ट्रॉलीत मी एकटा, माझ्याभोवती सहा धट्टीकट्टी माणसं, आणि हादऱ्याने मी घरंगळू नये म्हणून दोर. इतका बंदोबस्त मंत्र्यालाही मिळत नाही.

घरी न जाता आबांनी ट्रॅक्टर थेट विहिरीवर नेला. "ओटा बांधेल हाये. तो वाया जाऊ देऊ का?"

योगराजने खाली मान घालून ओट्यावर रूळ जोडले. सरळच होते, त्यामुळे ते ओट्याच्या एका टोकापासून विहिरीच्या काठापर्यंत गेले. त्याने प्लग काढला आणि मोटारीच्या खोलीत खुपसला. मी हललो नाही. लाइट नव्हती.

"म्हंजे हे लाइटबिगर चालत नाही?" आबांनी विचारलं.

"नाही."

"मंग मोटारीत अन् याच्यात फरक काय झाला?"

योगराज प्लग काढून पुन्हा खुपसू लागला. लोक पुन्हा हसले. आता मात्र आबांना राग आला, आणि तो हसणाऱ्यांचा आला. "किती व्होल्ट लागते याले?"

"बारा."

"ट्रॅक्टरची बॅटरी कितीची असते? ती काय पापड भाजाले ठेवली का?"

बॅटरी आली. योगराज म्हणत होता, "आबा, रेग्युलेटर नाही, जरा सांभाळून..." तोवर आबांनी दोन्ही वायरी रुळांना टेकवल्या.

वाचकहो, सात-आठ वर्षं ताजमहालाशेजारी उभ्या राहिलेल्या माझ्यात एकदम बारा व्होल्ट शिरले. मी सुटलो. आजूबाजूची केळी मागे पळाली, असं मी सांगतो आणि तुम्ही ऐकून घ्या. ओटा संपला, रूळ संपला, आणि मी हवेत होतो.

"माझं इंजिन!" योगराज ओरडला.

"धर रे, आपलं इंजिन!" आबा त्याच्याहून मोठ्याने ओरडले.

मग मी पाण्यात गेलो.

वरून कय्युमभाईंचा आवाज आला, "मुबारक हो आबा, इंजिन विहिरीत उतरलं. अब पानी ऊपर आयेगा."

या वेळी कोणी हसायच्या आत योगराजने तोच दोर कमरेला बांधला. दुसरं टोक आबांनी धरलं, त्यांच्यामागे ती सहा माणसं. ओढायला इंजिन आलं नव्हतं, पण दोराला काम मिळालं. लहानपणी पोहायला उतरायचा त्यानंतर प्रथमच योगराज त्या विहिरीत उतरला. मे महिन्याचं कमरेएवढं पाणी. तो माझ्यासाठी गाळ चाचपत होता, आणि मी मोटारीच्या पाइपाच्या तोंडाशी अडकून पडलो होतो. त्याने मला उचललं. हाताला आणखी काहीतरी लागलं.

"आबा!" तो खालून ओरडला. "फुटबॉलला पिशवी गुंडाळली आहे! आणि केळीची पानं! सगळा बुजलाय!"

शहरी वाचकांसाठी सांगतो, पाइपाच्या तळाला जी झडप असते तिला इकडे फुटबॉल म्हणतात. पाइपांच्या दुकानात वीस वर्षं राबलेल्या योगराजने तो ओढून, खरडून साफ केला. दुसऱ्या दिवशी लाइट आली, मोटार लावली, आणि करंगळीएवढं पडणारं पाणी मनगटाएवढं पडू लागलं.

पुढचं गावाने केलं. फैजपूरच्या केळीबाजारात आणि मुक्ताईनगरच्या आठवड्याच्या बाजारात आता असं सांगतात की शालिग्राम आबांच्या पोराने धुळ्याहून सव्वीसशे हॉर्सचं इंजिन आणलं, विहिरीत सोडलं आणि पाणी वाढलं. आबा ते खोटं आहे असं म्हणत नाहीत. कारण त्यातला एकेक शब्द खरा आहे.

सुगंधाबाईने मला गच्चीवर केळीच्या वेफर्सशेजारी वाळत घातलं. खानदेशी उन्हात अर्ध्या दिवसात मी खडखडीत वाळलो. एक चाक जरा लंगडतं आणि पोटातून अजून वेफर्सचा वास येतो. योगराज मला जळगावला न्यायला निघाला, तर आबा म्हणाले, "ओटा इकडं हाये, इंजिन तिकडं काय करीन?" तेव्हापासून मी मोटारीच्या खोलीत स्टार्टरशेजारच्या फळीवर असतो. योगराज आता दर रविवारी येतो. येताना वळणाचा एखादा रूळ आणतो, आणि जाताना फुटबॉल बघून जातो. भाविकाचा मिक्सर अजून गळतो.

माझी एकच विनंती आहे. मी आता जे सांगतोय ते योगराजला सांगू नका. त्याला वाटतं, आठवडाभर मी फळीवर धूळ खातो. पण दुपारी शेतात कोणी नसलं की आबा इकडे-तिकडे बघतात, मला खाली काढतात आणि ट्रॅक्टरची बॅटरी जोडतात. रेग्युलेटर अजून 'पुढच्या महिन्यात'च आहे, म्हणून रुळाच्या शेवटी, विहिरीच्या काठाला, ते डोक्यावरची टोपी काढून उलटी ठेवतात.

मग मी सव्वीसशे हॉर्सने धावत जातो आणि त्यांच्या टोपीत शिरतो.