कोमट मासा

“मासा हाताला कोमट लागला की जिभेसमोरून बिऱ्हाड हलवायचं,” असं इवालूचे वडील सांगायचे. जीभ म्हणजे हिमनदीचं समुद्रावर तरंगणारं टोक. इवालू तेव्हा कॉलेजातून सुट्टीला आलेली. ती खो खो हसली होती. “बाबा, गोठलेल्या समुद्रातला मासा कोमट कसा असेल? कॉफी जरा कमी प्या!”

वडील गेले. पुढच्याच हिवाळ्यात इवालूला मुलगी झाली आणि रीतीप्रमाणे तिला आजोबांचं नाव मिळालं, इमिना. नाव आलं की नातंही येतं. त्यामुळे वीतभर पोरीला इवालू ‘बाबा’ म्हणे, आणि बाबांचे धाकटे भाऊ, साठी उलटलेले ओदाककाका, चक्क ‘दादा’!

मार्चमध्ये सूर्य परतला तसे काका एकदा गावात आले आणि एक भलामोठा हॅलिबट मासा दारात टाकून गेले. सोबत तो छोटा तापमापक होता, इवालूनेच त्यांच्या गळाच्या दोरीला बांधायला दिलेला. तिने आकडा वाचला. सहाशे मीटर खोल, साडेतीन अंश. मागच्या वर्षी तिथेच दीड होता. तिने आकडा पुन्हा वाचला. काकांचा तंबू गोठलेल्या समुद्रावर, जिभेच्या अगदी तोंडाशी होता, कारण मासे तिथेच जास्त.

एरवीही ती काळजीचं गाठोडंच. झोपलेल्या लेकीच्या नाकाशी दहादा बोट धरून बघायची. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने नवऱ्याची कुत्री बर्फगाडीला जुंपली, इमिनाला आपल्या कोटाच्या पाठीवरच्या झोळीसारख्या टोपीत घातलं आणि निघाली.

“दादा, आलास होय!” काका तंबूतून ओरडले. “आणि ही तुझी लेक कशाला तोंड पाडून आलीय?”

“काका, उठा इथून. खालचं पाणी साडेतीन अंशांवर गेलंय.”

“साडेतीन! अगं मग दादाला आंघोळ घालू या की!”

“थट्टा नको. आपल्याला ते गार, बर्फाला ते कढत. खारं पाणी जड, ते तळातून थेट जिभेखाली शिरतं. बर्फ वितळला की ते पाणी हलकं होऊन वर सरकतं, जाता जाता आणखी बर्फ चाटतं, आणि त्याच्या जागी तळातून नवं कोमट पाणी येतं. जीभ खालून पोखरली जातेय.”

“ह्या जिभेला मी जन्मापासून ओळखतो, पोरी.”

“वरून ओळखता!”

काकांनी पाठ फिरवली आणि बर्फातल्या भोकातून गळाची दोरी ओढायला घेतली. गावात कुणाचं ऐकतील तर शपथ. आयुष्यभर ऐकलं ते एकट्या थोरल्या भावाचं.

फडफडत पहिला मासा वर आला. हवा उणे चोवीस. इवालू क्षणभर घुटमळली. मग लेकीचा हातमोजा काढून तो इवलासा तळवा तिने माशाच्या पोटावर टेकवला. गार चमचा लागला तरी घर डोक्यावर घेणारी पोर रडली नाही. उलट हसली आणि माशाला थाप मारली. एक, दोन.

काकांचे हात थांबले. दादा असंच करायचा. मोजा काढून माशाच्या पोटावर थाप मारायची, आणि मग...

“काय म्हणतोय तुमचा दादा?” इवालूने हळूच विचारलं.

“काय म्हणणार! आवर म्हणतोय. जन्मभर तेच म्हणत आला.” काकांनी नाक ओढलं. “ह्या वयातसुद्धा उसंत नाही देत बघ. चल दादा, आवरतो. पण कॉफी पिऊन.”

“कॉफी तिकडे गेल्यावर!” इवालूने तोवर लेकीला पुन्हा मोजा घातला होता आणि तंबूचे दोर सोडायला घेतले होते.

घाईत काकांची किटली तिथेच राहिली. काकांनी तंबू तासभर अंतरावरच्या खडकाआड नेला, जिथे मासे निम्मेच.

पाचव्या दिवशी जीभ तुटली. गावात खिडक्या थरथरल्या. जुन्या तंबूच्या जागी नुसतं काळं पाणी आणि उलटेपालटे होणारे डोंगराएवढे तुकडे. इवालू रेडिओला चिकटली. थोड्या वेळाने आवाज आला, “दादाला सांग, जिवंत आहे. पण माझी किटली बुडाली! नवी कोण देणार, तो?”

इवालू हसता हसता रडली, मग लेकीचे पापे घेत सुटली.

आता समुद्र पुन्हा गोठलाय, आणि दुकानात कुणीतरी म्हणालं की खडकापासून उरलेल्या जिभेकडे गाडीच्या ताज्या खुणा दिसतात. काका रेडिओवर शपथा घेतात, “छे, मी कुठे!” पण मासे कुठे जास्त हे त्यांना ठाऊक आहे, आणि काका कसे आहेत हे इवालूला. तिला आज निघता येत नाही, काकांच्या दादाला दात येतायत. म्हणून ती भेटेल त्याला एकच सांगते, तुम्हालाही सांगते: त्या बाजूला जाणार असाल तर तेवढं बघून या हो, ओदाककाका खडकाआडच आहेत ना?