उजवीकडे कलणारी बोट

धक्क्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. नवीकोरी मोटरबोट पाण्यात उतरल्यापासून उजवीकडे कलत होती आणि जलबाबा ती सरळ करणार होते. बाबा चढले, डाव्या फळीवर आपला अवाढव्य देह टेकवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. बोट सरळ झाली! लोकांनी हात जोडले. अक्कल बहुधा घरीच ठेवून आले होते.

"आता घरच्या सुनेला चढवा, सुकाणूपाशी," बाबांनी खाली उतरून बोटवाल्या कुटुंबाला फर्मावलं.

सुकाणू उजवीकडे. सून तिथे बसली आणि बोट आणखीच कलली.

"पाहिलंत? पांढऱ्या पायाची आहे! माहेरी धाडा, नाहीतर ही बोट माणसं गिळेल."

"आजच्या आज बॅग भर," सासू म्हणाली. बोटीत सगळं सामान स्वतः बसवणारा नवरा मान खाली घालून दोर गुंडाळत बसला. सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या संसाराचा निकाल हा ऐतखाऊ लावणार!

तिने आजूबाजूला पाहिलं. बॅटरी, इंधनाची टाकी, नांगर, सगळं उजव्या कडेला.

"हे सगळं इथे कुणी ठेवलं?"

"मीच," नवरा पुटपुटला. "हाताशी असावं म्हणून."

"चालवणारा उजवीकडे बसणार, मग जड सामान डावीकडे नको? बॅटरीची वायर पुरेल ना? मग उचल."

बॅटरी आणि नांगर डावीकडे गेले. सून पुन्हा सुकाणूपाशी बसली. बोट सरळ, आणि मंत्र एकही नाही.

"आमचीच कृपा!" बाबा घाईघाईने म्हणाले.

"मग या ना, इथे माझ्या बाजूला बसा."

"मंत्राला दिशा असते, बाळ."

"बसा हो बाबा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. नाही म्हणायची सोय उरली नव्हती. बाबा उजवीकडे टेकले आणि बोट अशी कलली की पाणी काठाला लागलं. बाबांनी किंचाळून सुनेचाच दंड धरला.

"आता यांचे पाय कुठल्या रंगाचे?" मघाशी सगळ्यात आधी हात जोडणाऱ्यानेच विचारलं. अशी माणसं हसायलाही सगळ्यांच्या पुढे असतात.

सासू ओशाळून म्हणाली, "चल बाई, घरी चल."

"येते," सून म्हणाली. शब्द सगळ्यांना ऐकू गेले. "पण एवढं लक्षात ठेवा. बोट कलली तर आधी सामान कुठे ठेवलंय ते बघायचं. माणसाला घराबाहेर काढायची घाई करायची नाही."