पहिल्या चावीला

रोज सकाळी मी बेचाळीस गाड्या सुरू करतो आणि कुठेही जात नाही. शेडमध्ये सात-सात गाड्यांच्या सहा ओळी आहेत. एक ओळ सुरू करायची, दहा मिनिटं चालू ठेवायची, बंद करायची, मग पुढची. गाडी नुसती उभी राहिली की बॅटरी उतरते, म्हणून हा उपद्व्याप. सरकारी वर्कशॉपचा मी हेड मेकॅनिक, तीस वर्षांचा अनुभव, आणि सध्या माझं काम हे.

गाड्या आल्या त्या शिखर परिषदेसाठी. अठरा देशांचे पाहुणे तीन दिवसांसाठी येणार होते आणि त्यांना आपल्या जुन्या गाड्यांतून फिरवलं तर अब्रू जाईल, असं वर ठरलं. घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा, दुसरं काय! पण हे शहाणपण आजचं. त्या काळ्याभोर गाड्या ट्रेलरवरून उतरताना मी आ वासून बघत होतो. दार लागतानाचा तो मऊ आवाज ऐकायला मी एकच दार चारदा उघडून लावलं.

अडचण एकच होती. आमच्या खात्याचा नियम असा, की एक नवी गाडी नोंदवायची तर एक जुनी मोडीत काढायची. बेचाळीस नव्या, तर बेचाळीस जुन्या हव्यात. खरोखर मोडक्या एकतीसच निघाल्या. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"अजून अकरा काढ," ते म्हणाले. "रुग्णवाहिका बघ. म्हाताऱ्या झाल्यात त्या. पुढच्या यादीत नव्या येणारच आहेत."

"साहेब, पण त्या चालतात."

"तू मनावर घेतलंस तर नाही चालणार." मग हसून म्हणाले, "ताफ्यातली तिसरी गाडी तुला देतो चालवायला. टीव्हीवर दिसशील."

मला फितवायला पैसासुद्धा लागला नाही. यावरून माझी लायकी समजून घ्या.

मोडीत काढायची पद्धत सोपी आहे. तीन अधिकाऱ्यांची समिती येते आणि चावी फिरवून बघते. तीनदा फिरवून गाडी सुरू झाली नाही की ती मेली. बॉनेट कुणी उघडत नाही, हात काळे होतात ना! मी आदल्या दिवशी अकरा गाड्यांच्या इंधन-पंपांचे फ्यूज काढून खिशात टाकले. त्यात सात नंबरची रुग्णवाहिका होती. शहराबाहेरच्या ज्या दवाखान्यात माझी ताई मुख्य नर्स आहे, तिथली. चौदा वर्षं ती गाडी माझ्याच हाताखालून गेली होती. दुसरा गिअर जरा उचलून टाकावा लागायचा, एवढीच काय ती खोड. कडाक्याच्या थंडीतही पहिल्या चावीला सुरू व्हायची. समितीसमोर ती तीनदा नुसती खाकरली. मी मान हलवली, वाईट बातमी सांगताना डॉक्टर हलवतात तशी.

मग फॉर्म भरायचे. त्यात कारणाचा रकाना असतो. तिथे 'जुनी झाली' लिहिलं तर गाडीचा सगळा इतिहास जोडावा लागतो. 'वापरणाऱ्यांचा निष्काळजीपणा' लिहिलं की काहीच लागत नाही, सही करून मोकळं. आमच्याकडे सगळे तेच लिहितात, मीही तीस वर्षं तेच लिहीत आलो. वाचतंय कोण? अकराही फॉर्मांवर तेच लिहिलं. हात सवयीनं चालत होता आणि जेवायची वेळ झाली होती.

परिषद थाटात पार पडली. पांढरे हातमोजे घालून मी तिसरी गाडी चालवली. आईनं शेजारपाजारच्यांना गोळा करून टीव्हीसमोर बसवलं. मी कुणा पाहुण्यासाठी दार उघडतोय, असा फोटो तिनं मोठा करून भिंतीवर लावलाय. ताईचा फोन आला. "छोट्या, अख्ख्या वॉर्डानं बघितलं तुला! काय ऐट होती रे!" मी बावन्न वर्षांचा आहे, पण तिच्यासाठी छोट्याच. पाहुणे गेले. गाड्या शेडमध्ये आल्या आणि सीटांवर पुन्हा प्लास्टिक चढलं. नव्या रुग्णवाहिकांच्या यादीचं काय झालं, हे मी कुणाला विचारलं नाही.

मागच्या मंगळवारी ताई शेडमध्ये आली. माझी तिसरी ओळ चालू होती.

"एवढ्या गाड्या कुठे निघाल्या रे?"

"कुठे नाही. बॅटरी उतरू नये म्हणून."

तिनं ओळभर नजर फिरवली. दोन बस बदलून आली होती, दमली होती. शेडमध्ये खुर्ची नाही, म्हणून मी जवळच्या गाडीचं मागचं दार उघडलं. बसण्याआधी तिनं चपला काढल्या आणि बाहेर नीट जोडीनं ठेवल्या.

"राहू दे गं, प्लास्टिक आहे त्यावर."

"नको, घाण होईल. सरकारी गाडी आहे."

मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. अजून तिनं पर्स उघडलीही नव्हती.

पर्समधून निघाली नोटीस. तांत्रिक अहवालानुसार, दवाखान्याच्या निष्काळजीपणामुळे रुग्णवाहिका निकामी झाली आहे. जबाबदार म्हणून आपल्याला नोकरीतून का काढू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. ताईच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत.

"खुलासा तूच लिहून दे," ती म्हणाली. "ती गाडी तुझ्याइतकी कुणाला माहीत आहे? दर आठवड्याला उभं राहून धुऊन घ्यायचे मी. ऑइल स्वतः बघायचे. ज्यानं हा अहवाल लिहिला, त्या मेल्यानं गाडी डोळ्यांनी बघितली तरी होती का?"

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण शाळेत पाठ केली होती. तो दांडा आपणच निघू, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

"मी साहेबांशी बोलतो," मी म्हणालो. खोटं कसं पटकन सुचतं बघा.

"बोल बाबा. गाडी गेल्यापासून नुसते हाल आहेत. गेल्या महिन्यात एका बाईला भाजीच्या टेम्पोत घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. अडलेली होती. दीड तास लागला. माझा हात घट्ट धरून सारखी विचारायची, गाडी का नाही आली? म्हटलं, गाडी मेली गं बाई, काय करणार."

"मग?"

"ती वाचली. बाळ नाही वाचलं."

दहा मिनिटं झाली होती. मी एकेक करून सातही गाड्या बंद केल्या. शेड एकदम शांत झाली.

"ताई, तो अहवाल मी लिहिलाय."

तिला आधी ती थट्टा वाटली. मग मी सगळं सांगितलं. फ्यूज, समिती, रकाना, तिसरी गाडी, सगळं. सांगताना तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. मी तिच्या चपलांकडे बघत होतो. एकीचा पट्टा दोऱ्यानं शिवलेला होता.

"म्हणजे गाडी सुरू होत होती?"

"हो."

"पहिल्या चावीला?"

"हो."

"आता कुठे आहे?"

"भंगारात गेली. कापली."

"म्हणजे त्या बाईशी मी खोटं बोलले."

"तू कुठे, ताई? मी..."

"मीच बोलले. तिचा हात हातात धरून बोलले."

तिनं शिव्या घातल्या असत्या, एक मुस्काटात दिली असती, तर मी सुटलो असतो. तिनं पर्समधून पेन काढून माझ्यापुढे धरलं. "लिही. आत्ता जे सांगितलंस तेच लिही. खाली नाव, हुद्दा, सही."

मी बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. लिहिता लिहिता तोंडून निघून गेलं, "माझी नोकरी जाईल गं."

"हो," ती म्हणाली. "मघापर्यंत माझी जात होती."

औषधाची चिठ्ठी वाचावी तसं तिनं ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं, घडी घातली, पर्समध्ये ठेवलं आणि चपला घातल्या. मी म्हणालो, स्टँडपर्यंत सोडतो, यातलीच एखादी काढतो.

"नको," ती म्हणाली. "आणि आईला मीच सांगेन. तू सांगितलंस तर ती तुलाच जवळ घेईल."

ती गेटबाहेर जाईपर्यंत मी बघत उभा राहिलो. तिनं मागे वळून पाहिलं नाही. तीन ओळी राहिल्या होत्या. मी त्या सुरू केल्या. सगळ्या गाड्या पहिल्या चावीला सुरू झाल्या.